एक कोयता, दोन माणसं

दसरा-दिवाळी झाली की बीडच्या वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपं लागतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरायचा, मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कारखान्याची वाट धरायची. मग ऊस तोडा, साळा, मोळ्या बांधा, डोक्यावरून गाडी भरा.

जानेवारी 2024 च्या करारात तोडणीदर 34 टक्क्यांनी वाढला. टनाला 273 चे सुमारे 366 रुपये झाले. ऐकायला बरं वाटतं. पण दिवसभर राबून जोडी तोडणार दीड-दोन टन. हिशेब तुम्हीच करा. दोन टन धरले तरी माणशी 366 रुपये! त्यातूनच उचल फेडायची. आजारपणानं काम बुडालं तर 'खाडा' म्हणून वर दंड.

कारखान्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं : "आमचा करार मुकादमाशी." अहो, मग दर ठरवायला साखर संघ कशाला बसतो? ऊस तुमच्या गव्हाणीत पडतो, तर तोडणारा परका कसा? दर वाढवाच, पण आधी दोघांची नावं हजेरीपटावर घ्या आणि बाईची मजुरी बाईच्या हातात द्या. फडात दोघं राबतात, पगारपत्रकातही दोघं दिसली पाहिजेत.