फी भरण्यापूर्वी कान तपासा

बारावी सायन्स झालेल्या मुलीला मुंबईला पाठवायचे नाही आणि गावात नोकरी नाही. अशा वेळी अलिबाग-मुरूडकडचे पालक दवाखान्यात हळूच विचारतात, ''डॉक्टर, ते मेडिकल ट्रान्सक्रिप्शन शिकवावे का? घरबसल्या करता येते म्हणे.''

आधी काम समजून घेऊ. अमेरिकेतील डॉक्टर रुग्ण तपासल्यावर त्याची हकीकत तोंडी सांगून ध्वनिमुद्रित करतात. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस. म्हणून १९९० च्या दशकात हे काम भारतात येऊ लागले. हेडफोन लावायचा, पायाने पेडल दाबून मुद्रण मागेपुढे करायचे आणि ऐकलेले टाईप करायचे. मोबदला बहुधा ओळींवर मिळतो.

टाईपिंग सरावाने येते. खरी परीक्षा कानाची. 'हायपरटेन्शन' म्हणजे रक्तदाब वाढलेला, 'हायपोटेन्शन' म्हणजे उतरलेला. 'इलियम' हा शब्द तर ऐकायला एकच, पण इंग्रजीतले एक अक्षर बदलले की लहान आतड्याचे टोक जाऊन कमरेचे हाड येते! 'फिफ्टीन'चे 'फिफ्टी' झाले तर औषधाची मात्रा तिपटीहून अधिक. म्हणून शरीररचना, रोग आणि औषधांची नावे नीट शिकवणाराच वर्ग निवडावा. ऐकू आले नाही तर अंदाजाने लिहायचे नाही. जागा मोकळी सोडून विचारायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून हवी.

मात्र आता डॉक्टरांचे बोलणे संगणकच लिहून काढतो. माणसाकडे येते ती मुख्यतः तपासणी. संगणकाची चूक व्याकरणात अचूक बसते, त्यामुळे ती चटकन डोळ्यांत भरत नाही. नवशिक्यांचे काम घटले आहे, हे पालकांनी जाणून घ्यावे. 'नोकरीची हमी' देऊन अनामत मागणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. आधी मुलीला सरावाचे ध्वनिमुद्रण अर्धा तास ऐकवा, जुन्या विद्यार्थ्यांना भेटा. हीच शब्दसंपदा मेडिकल कोडिंगला आणि रुग्णालयाच्या नोंदणी विभागातही उपयोगी पडते, तीही चौकशी करा.

घरबसल्या कामाला वीज आणि इंटरनेट लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडे कित्येक दिवस अंधार होता, हे कोणी विसरलेले नाही. शिवाय रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते, तेव्हा ओसरीवर चारचौघांत बसून हे काम चालत नाही.

ज्यांनी काम सुरू केले आहे त्यांनी हेडफोनचा आवाज कमी ठेवावा, तासाभराने उठून चार पावले चालावे. मनगट दुखू लागल्यास बाम चोळत बसू नये, दाखवून घ्यावे.