उंदराच्या भ्रूणाचे संवर्धन माध्यम

फलनानंतर सुमारे चार दिवस उंदराचे भ्रूण मादीच्या अंडवाहिनीत आणि गर्भाशयात मोकळे असते. कुठेही रुजलेले नसते. एका पेशीपासून ब्लास्टोसिस्ट या पोकळ गोळ्यापर्यंतची ही वाढ शरीराबाहेर करून घेणारा द्रव म्हणजे संवर्धन माध्यम.

१९४९ मध्ये जॉन हॅमंड यांनी कोंबडीचे अंडे मिसळलेल्या क्षारद्रावणात आठ पेशींची भ्रूणे ब्लास्टोसिस्टपर्यंत वाढवली. १९५६ मध्ये वेस्ली व्हिटन यांनी अंडे वगळून बायकार्बोनेटयुक्त क्षारद्रावण, ग्लुकोज आणि गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन वापरले. दोनच वर्षांनी ॲन मॅक्लारेन आणि जॉन बिगर्स यांनी असे वाढवलेले भ्रूण माद्यांच्या गर्भाशयात सोडले आणि जिवंत पिल्ले जन्मली. बशीत वाढलेले भ्रूणही पुढे पूर्ण वाढू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

एकपेशीय भ्रूण मात्र दाद देईना. बहुतेक जातींच्या उंदरांत ते दोन पेशींवर येऊन थांबे. या वयातल्या भ्रूणाला ग्लुकोजवर जगता येत नाही. त्याला पायरुव्हेट हे ग्लुकोजच्या विघटनातून बनणारे संयुग लागते. १९८९ मध्ये शाटो, झिओमेक आणि बॅव्हिस्टर यांच्या ‘सीझेडबी’ माध्यमात ग्लुटामिन हे अमिनो आम्ल व ईडीटीए हे धातूंचे आयन बांधून ठेवणारे रसायन घातले, सुरुवातीच्या टप्प्यातले ग्लुकोज काढले आणि हा अडसर दूर झाला. पुढे लॉइट्स आणि बिगर्स यांनी अनेक घटकांची प्रमाणे गणिती पद्धतीने एकत्रच जुळवून ‘केएसओएम’ तयार केले. जुन्या ‘एम-१६’ माध्यमात ग्लुकोज लिटरला ५.५६ मिलिमोल होते. केएसओएममध्ये ते अवघे ०.२ आहे.

काम नाजूक असते. पेट्री डिशमध्ये माध्यमाचे काही मायक्रोलिटरचे थेंब ठेवून त्यांवर पॅराफिन तेल ओततात. तेलामुळे थेंब आटत नाही, क्षारांची तीव्रता टिकते. डिश ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये आधी काही तास ठेवतात. हा वायू आणि बायकार्बोनेट मिळून आम्लता सांभाळतात. मगच बारीक काचनळीने भ्रूणे थेंबात सोडतात.

एका प्राण्याचे माध्यम दुसऱ्याला चालेलच असे नाही. हॅमस्टरच्या भ्रूणाची वाढ ग्लुकोज आणि फॉस्फेट एकत्र असल्यास खुंटते. मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, भ्रूणासाठीही वेगळे माध्यम बनवावे लागले.

या संशोधनाचा लाभ माणसालाही झाला. टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांत वापरायची माध्यमे आणि उपकरणे आजही आधी उंदराच्या भ्रूणांवर तपासली जातात. एकपेशीय भ्रूणांपैकी किमान ८० टक्के ९६ तासांत ब्लास्टोसिस्ट झाली, तर माल उत्तीर्ण, हा या तपासणीतला प्रचलित निकष आहे.