पान बोलतं, पण रेंज असेल तरच!

मोबाईलवर ‘महाभूलेख’ उघडा. जिल्हा निवडा पुणे, तालुका भोर. आता गावांच्या यादीत हिर्डोशी शोधा. सापडलं? तालुका निवडेपर्यंत ती यादी तुमच्या फोनमध्ये नव्हतीच! तुम्ही ‘भोर’ म्हणालात, निरोप सर्व्हरकडे गेला, तिथून गावांची नावं आली. गट नंबर टाकला की पुन्हा तेच. सातबारा समोर येईपर्यंत अशा पाच-सहा फेऱ्या होतात. इंटरॅक्टिव्ह साइट म्हणजे हे बोलणं. हलणारी चित्रं आणि रंगीत बटणं हा नुसता मेकअप.

स्टॅटिक साइट मात्र लग्नपत्रिकेसारखी. एकदा छापली की सगळ्यांना तीच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१मध्ये ‘सर्न’मधून जगाला दाखवलेली पहिली वेबसाइट अशीच होती: मजकूर आणि लिंका, बस्स. १९९५मध्ये ब्रेंडन आइकने जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला (आपल्याला एका असाइनमेंटला एवढे दिवस लागतात!) आणि पानाला थोडी अक्कल आली. मोबाईल नंबर नऊच आकडी टाकलात, तर ते सर्व्हरला न विचारता जागच्या जागी टोकू लागलं. पण नंबर खरंच तुमचा आहे का, हे कळायला सर्व्हरच लागतो. म्हणून ओटीपी.

आता हिर्डोशीचा विचार करा. भोर-महाड रस्ता, एका बाजूला नीरा देवघरचं पाणी, पुढे वरंध घाट. अशा डोंगरी खोऱ्यात रेंज वळणागणिक बदलते. स्टॅटिक पान एकदा उतरलं की रेंज गेली तरी वाचता येतं. बोलणारं पान मात्र वाक्याच्या मध्येच गप्प होतं. स्कॉलरशिपचा फॉर्म अर्धा भरलाय, दाखला अपलोड होतोय, गोल फिरतंय... आणि सेशन संपलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा पहिल्यापासून. इथे पोरं फॉर्म भरत नाहीत, रेंजशी झुंजतात. दोष गावाचा नाही, ‘नेट कायम असणारच’ असं धरून चालणाऱ्या डिझाइनचा आहे.

वेगळं करता येतं. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर आलेलं ‘ई-पीक पाहणी’ अ‍ॅप बघा. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो. तिथे रेंज नसेल तर माहिती फोनमध्येच थांबते, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची. बोलणं तुटत नाही, थोडं लांबतं एवढंच.

तुमच्यापैकी कुणी कॉलेजची, गणेश मंडळाची किंवा गावाची साइट बनवत असेल, तर टाइमटेबल, सूचना, फोन नंबर साध्या स्टॅटिक पानावरच ठेवा. नोटीस वाचायला लॉगिन कशाला? फॉर्म इंटरॅक्टिव्ह लागणारच, पण प्रत्येक टप्प्यावर भरलेलं जपून ठेवेल असा करा. झाला की अर्धा भरून फोन फ्लाइट मोडवर टाका, दहा मिनिटं चहा घ्या आणि परत येऊन बघा काय काय शिल्लक आहे ते.