पोट गरम, पाय गार

जुन्नर-आंबेगावात अपुऱ्या दिवसांचं बाळ झालं की घरची माणसं फोनवर एकमेकांना सांगतात, ‘बाळ काचेत ठेवलंय.’ या वाक्यात धास्ती असते, तसा काचेवरचा भरवसाही असतो; आत ठेवलं की बाळ आपोआप भरणार. खरं तर बंद पेटी आता कमीच दिसते. बहुतेक ठिकाणी वरून ऊब देणारं उघडं वॉर्मर असतं आणि त्याच्यापाशी पाळी संपेपर्यंत उभी असलेली सिस्टर. बाळ भरतं ते बरंचसं तिच्या हातावर.

हात हा शब्द इथं शब्दशः घ्यावा. वॉर्मरवर ३६.८ चा आकडा निवांत दिसत असला, तरी सिस्टर हाताची पालथी बाजू आधी बाळाच्या पोटाला लावते, मग तळपायाला. दोन्ही सारखेच उबदार असले तर ठीक. पोट गरम आणि पाय गार लागले, तर बाळाला थंडी सोसत नाही असं समजायचं. काखेतलं तापमान उतरतं ते त्यानंतर. नवजात बाळाला मोठ्या माणसासारखं कुडकुडता येत नाही. मानेभोवती आणि पाठीत साठवलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब धरतं, आणि दिवस भरायच्या आत आलेल्या बाळाकडे ही शिल्लकच तुटपुंजी. गारठलं की रक्तातली साखर उतरते, श्वास बिघडतो. ३६.५ ते ३७.५ या एका अंशाच्या पट्ट्यात बाळ राहिलं, तरच पुढच्या औषधपाण्याला अर्थ.

सिस्टरच्या नजरेतून एक उपचारच जन्माला आला, त्याची गोष्ट इंग्लंडातली आहे. १९५६ साली रॉचफर्ड रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर वॉर्ड यांच्याकडे होता. ऊन चांगलं पडलं की त्या बाळांना बागेत नेत. एकदा राउंडला आलेल्या डॉक्टरांसमोर त्यांनी एक बाळ उघडून दाखवलं. अंगावर एक पिवळाजर्द त्रिकोण, बाकीची कातडी फिकी. काही औषध फासलंय का, असंच डॉक्टरांनी आधी विचारलं. पण तेवढ्या भागावर चादरीचं टोक आलं होतं. बाकीच्या अंगाची कावीळ उन्हानं उतरली होती. दोन वर्षांनी त्यावर शोधनिबंध आला, आणि आज आपल्याकडे ‘लाईटखाली ठेवलंय’ म्हणतात तो निळा दिवा त्यातूनच पुढे आला. (म्हणून घरी कोवळ्या उन्हात धरून कावीळ बरी करू पाहणाऱ्या आज्यांनी खूश होऊ नये. उन्हाचा डोस मोजता येत नाही आणि बाळ गारठतं ते वेगळंच.)

मोजणं हा या नोकरीचा श्वास आहे. एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं ८०-९० मिलिलिटर, म्हणजे टपरीवरच्या एका कटिंगएवढं. त्यामुळे तपासणीला घेतलेल्या प्रत्येक थेंबाचा हिशेब लागतो. दूध नळीवाटे सुरू होतं ते दर दोन तासांनी एक-दोन मिलिलिटरनं. ओला लंगोट काट्यावर ठेवून लघवी मोजायची. औषध एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये भरायचं आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवून मगच द्यायचं, कारण दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. अशी बाळं मध्येच श्वास घ्यायला विसरतात. वीस सेकंद गेले की तो ॲप्निया. तळपायाला टिचकी मारून किंवा पाठ चोळून आठवण करून द्यावी लागते. त्यासाठी दिलं जाणारं औषध कॅफिन, आपल्या कॉफीतलंच. रात्रपाळीच्या सिस्टरला आणि तिच्या बाळाला एकाच पदार्थानं जागं ठेवायचं, हा योगायोग मला फार आवडतो.

सरकारी नवजात कक्षात एका पाळीला तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असावी असा दंडक आहे, आणि व्हेंटिलेटरवरच्या बाळापाशी तर एकीनं पूर्णवेळ हवं. एक सिस्टर रजेवर गेली की हे गणित कोलमडतं. त्याहून मला खटकते ती बदली. तळपायाचा गारवा ओळखणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात, आणि तयार झाला की तो हात दुसऱ्या वॉर्डात.

आता या दोन तालुक्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला नारायणगाव, आळेफाटा, मंचर; पुणे-नाशिक रस्ता, खासगी बालरुग्णालयं, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. पश्चिमेला आहुपे, घाटघर, आंबोली; घाटमाथ्यावरचा पाऊस, विखुरलेल्या वाड्या. जुन्नर आणि घोडेगावची ग्रामीण रुग्णालयं या दोहोंच्या मध्ये. सरकारी निकषानं १८०० ग्रॅमच्या आतलं बाळ विशेष नवजात कक्षात जायला हवं. त्याला पुण्याला न्यायचं ठरलं तर मंचरपासूनच साठेक किलोमीटर, आणि वाटेत चाकणचा चौक. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, पण तिला चाकणची कोंडी टळत नाही.

अशा वेळी सर्वांत भरवशाचं वॉर्मर म्हणजे माणसाची छाती. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच घालून आईच्या, ती नसेल तर बापाच्या किंवा मावशीच्या उघड्या छातीशी उभं बांधायचं. ही कांगारू पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात दिसलं की १८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना जन्मल्या जन्मल्या असं धरलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात. बापाला सदरा काढून बसवणं हे मात्र सिस्टरचंच कसब. आधी तो लाजतो, मग श्वास रोखून बसतो, मग हळूच विचारतो, ‘अजून थोडा वेळ चालंल का?’

घरच्यांशी वाद घालण्यातही तिची पाळी जाते. पाचवी आली की सटवाईच्या पूजेला बाळ हवं असतं. मध चाटवायचा असतो, घुटी उगाळून तयार असते. सिस्टर पूजेला नाही म्हणत नाही. पूजा घरी करा, पण बाळाच्या तोंडात दुधाशिवाय काही नको, एवढ्यावर ती अडून बसते. चीक फेकून देऊ नका, पिळून आणा, वाटी-चमच्यानं पाजू.

डिस्चार्जनंतर जबाबदारी आशाताईकडे जाते. तिच्या घरभेटींची मुळं गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी होता. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई आज ४२ दिवसांत सहा वेळा जाते: वजन, तापमान, मिनिटाला श्वास किती. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा दवाखाना.

एक गोष्ट मात्र घरी पाहून कळत नाही. ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा महिन्याच्या आत तपासावाच लागतो. वेळ गेली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. बाळ तर दूध पितंय, बाळसं धरतंय, वरून डोळेही टपोरे. त्यात कांद्याची काढणी नाहीतर टोमॅटोची तोडणी आलेली. पुण्याची खेप पुढच्या आठवड्यावर ढकलली जाते. म्हणून कार्डावर तारीख लाल शाईनं लिहून सिस्टर दोन फोन नंबर मागून घेते, एक घरचा आणि एक आशाताईचा.