तार लोंबते की तिला झोळ पडतो?

उन्हाळा लागला, की ‘लोंबकळणाऱ्या वीजतारा’ हा मथळा वृत्तपत्रांत हटकून दिसतो. आशय कळतो, पण शब्द चुकतो. लोंबकळणे म्हणजे कशाला तरी धरून अधांतरी झुलणे. लोकलच्या दारात प्रवासी लोंबकळतो, फांदीला माकड लोंबकळते. दोन्ही खांबांना घट्ट बांधलेली तार मधोमध खाली येते, तेव्हा तिला झोळ पडतो. तुटून एक टोक खाली आले, तर ती लोंबते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, तारेची लांबी वाढते आणि झोळ खोल होतो. वाऱ्याने अशा दोन तारा एकमेकींवर आदळल्या, की ठिणग्या उडतात. उभा ऊस पेटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. झोळ काढण्यासाठी तारा ताणाव्या लागतात किंवा मध्ये खांब उभारावा लागतो. तुटून लोंबणाऱ्या तारेच्या मात्र आसपासही फिरकू नये. आधी वीजपुरवठा बंद करवून घ्यावा. तक्रार नोंदवताना दोन्ही वेळी ‘तार लोंबते आहे’ एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याने काय समजावे?

झोळ मांडवाच्या छतालाही पडतो आणि जुन्या बाजेलाही. लाकडी तुळईला मात्र बाक येतो. फळांनी लगडलेली फांदी लवते. त्या लवण्यात भार असतो, दुबळेपणा नसतो. माणसाचा चेहरा पडतो, तोंड उतरते. जाहिरातींच्या अनुवादांतून ‘लटकणारी त्वचा’ आली. कातडी सैल पडते, असे म्हणायला काय हरकत होती?

‘पिकांनी माना टाकल्या’ हा वाक्प्रचार बातम्यांत झिजून गेला असला, तरी विलक्षण नेमका आहे. पेशींतील पाण्याचा दाब घटला, की पाने व कोवळे देठ खाली झुकतात. वेळेवर पाऊस झाला, तर तीच रोपे पुन्हा ताठ उभी राहतात. करपलेल्या पिकाला पावसाचा उपयोग नाही. म्हणजे एका शब्दात दुबार पेरणी टळण्याची आशा आहे, दुसऱ्यात ती संपली आहे. तरीही एकाच बातमीच्या मथळ्यात पिके करपतात आणि मजकुरात माना टाकतात!

कार्यालयीन मराठीची गंमत वेगळीच. संस्कृत ‘लंब्’ या धातूचा अर्थच लोंबणे. त्यामुळे ‘प्रलंबित’ म्हणजे शब्दशः लोंबलेले. फाइल लोंबकळत पडली असे म्हटले, की अधिकाऱ्याला टोचते. प्रलंबित आहे म्हटले, की टोचत नाही.