माउसच्या पोटातलं आकाशवाणी केंद्र

घरात रेडिओ आहे? मग 101.1 मेगाहर्ट्‌झवर लावून बघा. नांदेडच्या आसपास राहत असाल, तर आकाशवाणी नांदेड लागेल. आता टेबलावरच्या बिनवायरच्या माउसकडे बघा. तोही एक आकाशवाणी केंद्रच आहे, खरंच! फक्त त्यावर गाणी नाहीत, बातम्या नाहीत, शेतकऱ्यांसाठी सल्ला नाही. दिवसभर एकच कार्यक्रम: ‘उजवीकडे सरकलो, अजून सरकलो, डावं बटण दाबलं.’ श्रोताही एकच, कॉम्प्युटरला खोचलेलं नखाएवढं डोंगल.

दोघांच्या लहरी एकाच जातीच्या, पण मापात केवढा फरक! 101.1 मेगाहर्ट्‌झची एक लहर जवळजवळ 3 मीटर लांब असते, म्हणजे खोलीच्या फरशीपासून छतापर्यंत. माउसची लहर 2.4 गिगाहर्ट्‌झची, सेकंदाला 240 कोटी कंपनं. तिची लांबी साडेबारा सेंटिमीटर. कंपासपेटीतल्या पट्टीवर मावेल! आकाशवाणीला सरकारी परवाना लागतो. माउसला लागत नाही, कारण 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी भारत सरकारने 2005 साली विनापरवाना खुला केला.

फुकट म्हटल्यावर गर्दी ही आलीच. वायफाय तिथेच, ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच. मग माउसचं बोलणं पोचतं कसं? लातूरची गंजगोलाई पाहिलीय ना? मध्ये अंबाबाईचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि तिथे येऊन मिळणारे 16 रस्ते. एका रस्त्यावर हातगाड्या अडकल्या, तर लातूरकर थांबत नाही, शेजारच्या रस्त्याने घुसतो. ब्लूटूथ माउस अगदी हेच करतो. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये असे 79 रस्ते असतात आणि सेकंदाला 1600 वेळा रस्ता बदलता येतो.

बरं, एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सच्या क्लासात एका ओळीत दहा बिनवायरचे माउस असले, तर एकाच्या हलण्याने दुसऱ्याचा बाण का पळत नाही? कारण प्रत्येक माउस आपला निरोप पत्ता घालून पाठवतो. काही चिपमध्ये हा पत्ता 40 बिटांचा असतो. म्हणजे एक लाख कोटींहून जास्त वेगवेगळे पत्ते! माउस आणि त्याचं डोंगल यांची ही जोडी बहुतेक वेळा कारखान्यातच जुळवून देतात. म्हणून डोंगल हरवलं की स्वस्तातला माउस ठणठणीत असूनही निकामी होतो. मला विचाराल तर हा शुद्ध वेडेपणा आहे. सुटं डोंगल घेऊन नव्याने जोडी जमवायची सोय सगळ्याच माउसमध्ये हवी. काहींमध्ये ती असतेही.

ही झाली बोलण्याची गोष्ट. पण माउसला कळतं कसं, की आपण सरकलो? तो फोटो काढतो! पोटाखालचा दिवा टेबलावर तिरपा उजेड टाकतो, त्याने बारीक खडबडीतपणाच्या सावल्या पडतात आणि एक चिमुकला कॅमेरा त्या टिपतो. काही जुन्या सेन्सरचा फोटो अवघा 18 बाय 18 ठिपक्यांचा असे, पण असे फोटो सेकंदाला 1500! आधीचा आणि आत्ताचा फोटो ताडून माउस ठरवतो, किती सरकलो आणि कुठे. डग्लस एंगलबर्ट यांनी 1964 साली अमेरिकेत पहिला माउस बनवून घेतला, तेव्हा त्याला लाकडी खोकं होतं, खाली दोन चाकं आणि मागे वायर. नंतर चाकांच्या जागी गोळी आली. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली, तेव्हाही बऱ्याच माउसच्या पोटात गोळीच असे आणि तिच्यावर जमलेला मळ काढणं हे एक कामच होतं.

आता आपला माउस अडला तर? डोकं खाजवायचं ते असं: बिघाड कॅमेऱ्यात की रेडिओत? बटण दाबलं तर चालतं, पण बाण जागचा हलत नाही किंवा वेड्यावाकड्या उड्या मारतो, म्हणजे रेडिओ ठीक आहे. कॅमेऱ्याला दिसत नाही. काच आणि आरसा यांवर सावल्याच पडत नाहीत, चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवरही तो गोंधळतो. खाली वर्तमानपत्र घाला, नाहीतर पोटाच्या भोकात अडकलेला केस काढा.

बटणसुद्धा चालत नाही? मग रेडिओ. पोटाखालचा खटका चालू आहे ना? सेल उलटा तर नाही? नव्या माउसच्या सेलखाली प्लॅस्टिकची पट्टी असते, ती ओढून काढलीत का? डोंगल सापडत नसेल तर सेलच्या कप्प्यात बघा, बहुतेकदा तिथेच लपवलेलं असतं. लाल दिवा दिसला नाही म्हणून घाबरू नका. काही माउसचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. (लेझरच्या माउसमध्ये मात्र डोकावायचं नाही.)

आणि अधूनमधून अडखळत असेल तर? डोंगल कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या खोक्यामागे असेल, तर धातू लहरी अडवतो. ते पुढच्या बाजूला लावा. निळ्या यूएसबीला, म्हणजे यूएसबी 3.0 ला, हार्ड डिस्क जोडलेली असेल, तर डोंगल तिच्यापासून लांब न्या. इंटेल कंपनीनेच 2012 मध्ये दाखवून दिलं, की अशा जोडणीतून नेमका 2.4 गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो. एवढं करूनही नाहीच जमलं, तर सेल बदला. खरं तर तो आधीच बदलून बघायचा, कारण उतरलेला सेल हा सगळ्यांत नेहमीचा गुन्हेगार.

या सुट्टीत एक करा. शहाबादी फरशी, घोंगडी, स्टीलचं ताट, आरसा, वहीचं कोरं पान आणि तुमची स्वतःची मांडी, या सगळ्यांवर माउस फिरवून बघा. कुठे चालला, कुठे रुसला, हे वहीत लिहा आणि आम्हाला पाठवा. ताटाचं काय झालं, ते मात्र नक्की कळवा!