पाणमोटेच्या दाहाविषयीचे प्रवाद

कळा चालू असताना गर्भवतीला ताप चढला, की पुष्कळ घरांत आधी शहानिशा होते ती रोगाची नव्हे, तर तिच्या वागणुकीची: बाहेरचे काय खाल्ले, पथ्य कोठे मोडले, आणि जिला उपचारांची निकड असते तिलाच आरोपीप्रमाणे कैफियत द्यावी लागते. वस्तुतः गर्भाभोवतीच्या पाणमोटेच्या दोन पडद्यांना, म्हणजे आतल्या उल्बाला व बाहेरच्या जरायूला, जो संसर्ग होतो तो बहुधा योनिमार्गात मुळातच वस्ती करून असलेले जीवाणू गर्भाशयमुखातून वर चढल्यामुळे. त्यात तिची कसूर शोधणे अन्यायाचे आहे. (लिस्टेरियासारखा एखादा जीवाणू दूषित अन्नातून, रक्तावाटे, वारेपर्यंत पोचतो खरा, पण तो अपवाद.)

पाणमोट फुटल्यावाचून संसर्ग होत नाही, हाही असाच एक प्रवाद. ती फुटून बरेच तास उलटले म्हणजे धोका वाढतो हे खरे. परंतु पडदे शाबूत असतानाही, विशेषतः अकाली कळा सुरू झालेल्या स्त्रियांत, हा दाह आढळतो, आणि कित्येकदा ताप, दुर्गंधी यांपैकी एकही लक्षण नसता, प्रसूतीनंतर वार सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाते तेव्हाच त्याचा पुरावा हाती लागतो. उलटपक्षी, वेदनाशमनासाठी कण्यात एपिड्युरल दिले असता संसर्गावाचूनही ताप येऊ शकतो, म्हणून १००.४ अंशांचा ताप अर्ध्या तासाने पुन्हा मोजतात आणि बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १६० वर गेले आहेत काय, तेही पाहतात.

निदान झाले की सिझेरियन अटळ, असे समजण्याचे कारण नाही. शिरेतून प्रतिजैविके, बहुधा अँपिसिलिन व जेंटामायसिन, तात्काळ सुरू करणे आणि प्रसूती घडवून आणणे, असा उपचार दुहेरी असतो; पैकी प्रसूती नैसर्गिक मार्गानेही होऊ शकते, मात्र नुसत्या औषधांच्या भरवशावर गर्भ आत ठेवून चालत नाही.

मग अकाली कळा आलेल्या प्रत्येकीलाच खबरदारी म्हणून प्रतिजैविके का देऊ नयेत? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरॅकल’ चाचणीत, पडदे शाबूत व संसर्गाची चिन्हे नसलेल्या स्त्रियांच्या बाळांना त्यांचा लाभ झाला नाही. आणि ती मुले सात वर्षांची झाल्यावर केलेल्या पाहणीत, जी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, औषध दिलेल्या गटांत सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण उलट अधिक आढळले. सावधगिरीलाही हिशेब द्यावा लागतो तो असा.

पाणी गेल्याची नुसती शंका आली, तरी तापाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि ते किती वाजता गेले, रंग व वास कसा होता, एवढे तेथे नीट सांगावे.